आभा कार्ड आहे, तरी गावातल्या डॉक्टरांना हॉस्पिटलचे रिपोर्ट का दिसत नाहीत?

वडिलांची अँजिओप्लास्टी पुण्याला झाली, आभा कार्डही काढलंय, आणि गावातले डॉक्टर म्हणतात, मला काहीच दिसत नाही, अशी तक्रार तुमची असेल, तर ते डॉक्टर खरं सांगतायत. मी स्वतः तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो.

आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. हा नुसता 14 अंकी नंबर आहे, रिपोर्ट त्यात साठवलेले नसतात. ते हॉस्पिटलच्याच सिस्टिममध्ये राहतात. सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन फक्त मधला रस्ता पुरवतं. त्यासाठी हॉस्पिटल आणि दवाखाना, दोघांचंही सॉफ्टवेअर त्याला जोडलेलं हवं. लहान दवाखान्यांत अजून केसपेपरच चालतो. ओपीडीत पेशंट तपासू की टाइप करत बसू, ही अडचण खरी आहे.

दोन्हीकडे सोय असेल, तर डॉक्टरांची मागणी वडिलांच्या मोबाइलमधल्या आभा ॲपवर येते. रिपोर्ट कशासाठी हवेत, कोणत्या तारखांचे, किती दिवसांसाठी, सगळं त्यात दिसतं. नाही म्हणता येतं, दिलेली परवानगी मागेही घेता येते. हे मला मनापासून पटतं.

गाडी अडते ती बहुतेक वेळा मोबाइल नंबरावर. जुनी नोंद ॲपमधून शोधताना नंबर, नाव, जन्मसाल जुळावं लागतं. ॲडमिशनच्या धावपळीत मुलाचा किंवा जावयाचा नंबर दिलेला असतो आणि आभाला वडिलांचा. मग नोंद सापडणार कशी? हॉस्पिटलात नंबर दुरुस्त करून घ्या, आणि पुढच्या फॉलोअपला नाव नोंदवतानाच आभा नंबर द्या.

तोवर डिस्चार्ज कार्ड नीट मागून घ्या. स्टेंट बसवलेल्या एका पेशंटची औषधांची पिशवी मी टेबलावर ओतली, तर क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं औषध दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं निघालं. एक पाकीट हॉस्पिटलच्या मेडिकलमधलं, दुसरं गावातलं. ते रोज दोन्ही घेत होते, कारण कार्डावर फक्त कंपनीचं नाव होतं, मूळ औषधाचं नव्हतं. अशा गोळीचा दुप्पट डोस म्हणजे रक्तस्रावाचा धोका.

म्हणून मूळ औषधाचं नाव, डोस, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन वेगळ्या गोळ्या दिल्या असतील तर त्यांपैकी कोणती किती महिने चालू ठेवायची, हे लिहून मागा. सोबत एकोचा (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिनचा (किडनीसाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट घ्या. आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या टीमचा फोन नंबर गावातल्या डॉक्टरांना द्या, म्हणजे शंका आली की ते सरळ विचारू शकतील.