चित्रकला गटासोबत गंगेवर (म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी) चित्र काढायला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ४६, शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, त्यानंतर ब्रशला हात लावलेला नाही. आता नाशिकमधल्या एखाद्या गटासोबत रविवारी ऑन द स्पॉट, म्हणजे जागेवरच बसून, चित्र काढावंसं वाटतं, पण लोक मागे उभे राहून बघतील याची लाज वाटते. तिथे नेमकं काय चालतं, आणि जावं का?

जा. लाज वाटते म्हणूनच गटासोबत जा, एकटं जाऊ नका.

मी पहिल्यांदा एकटीच गेले होते. गोदाकाठच्या गांधी तलावाच्या पायऱ्यांवर पॅड उघडलं आणि पाच मिनिटांत मागे सात-आठ माणसं. एक पोरगा म्हणाला, 'हे देऊळ आहे का?' (देऊळच होतं.) एका काकांनी 'फोटो काढून घरी आरामात काढा की' असा सल्ला दिला. तिसऱ्याने 'केवढ्याला देता?' विचारलं, तेव्हा मी ओलं चित्र तसंच मिटून घरी आले. घरी पॅड उघडलं तर दोन्ही पानं एकमेकांना चिकटलेली.

दहा जण बसले की हीच गर्दी दहा जागी वाटली जाते. शिवाय बहुतेक गटांत एखादे निवृत्त कलाशिक्षक असतात. आमच्याकडेही आहेत. त्यांचा हात चालायला लागला की सगळे बघे त्यांच्यामागे. नवशिक्याने त्यांच्यापासून वीस पावलं लांब बसायचं, कोणी ढुंकूनही बघत नाही. गटात येऊन मी रंग किती शिकले माहीत नाही, पण दोन तास एका जागी बसायला शिकले, ते या आडोशामुळे.

आता काय चालतं ते सांगते. शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर जागा ठरते. ग्रुपवर तीसेक जण आहेत, प्रत्यक्ष येतात आठ-दहा. सकाळी सातला जमायचं, पंधरा-वीस मिनिटं नुसतं फिरायचं, मग ज्याने त्याने आपापली जागा धरायची. साडेनऊपर्यंत कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. मग सगळी चित्रं पायरीवर ओळीने मांडायची, उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवायचे आणि बघायचं. शेवटी मिसळ. मिसळीपुरतेच येणारे दोघे आहेत, त्यांचंही कोणी मनावर घेत नाही.

ही मांडणी मात्र चुकवू नका. सगळ्यांनी तोच दुतोंड्या मारुती, घाटावरची मारुतीची उंच मूर्ती, काढलेला असतो. एकाचं पाणी हिरवं, एकाचं मातकट, एकीने पाणी कोरंच सोडलेलं. नाशिककर पुराचं माप याच मारुतीवर मोजतात, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात त्याची काय गत झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे त्याच्या कमरेची उंची चुकली की चित्रकला न येणारा माणूसही चूक लगेच दाखवतो. माझा मारुती एकदा इतका ठेंगणा निघाला की आमचे निवृत्त सर म्हणाले, 'याच्या गळ्यापर्यंत तर दरवर्षीच पाणी येईल.'

अशी बोलणी मनाला लागत नाहीत, कारण लगेच मागोमाग 'हा सावलीचा तुकडा कसा काढलास गं?' असंही कोणीतरी विचारतं.

आता तंत्राचं थोडं. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राची सवय डोक्यात असते : आकाश निळं, दगड काळा, झाड हिरवं. घाटावर बसलं की पहिली फजिती इथेच होते. आपला दगड काळा म्हणतात, पण सकाळच्या तिरप्या उन्हात पायरीचा वरचा भाग जवळजवळ पांढरा दिसतो आणि उभी बाजू जांभळट. नुकतंच कोणी अंघोळ करून गेलं असेल तर त्या ओल्या पायरीत आकाश उतरलेलं असतं. काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा मिळतो, त्यात सगळा घाट बसतो. निळा वाढवला की सावली, तपकिरी वाढवला की ऊन लागलेली भिंत.

दुसरं, सावल्या आधी मांडा. सातला पाहिलेली सावली नऊला तिथे नसते. पलीकडचं नारोशंकराचं देऊळ अलीकडच्या काठावरून सकाळी बघितलं तर ऊन त्याच्या मागून येतं. त्या वेळी कोरीव काम दिसतच नाही, सगळं देऊळ एक गडद आकार होऊन उभं असतं. नवशिक्याला हे सोयीचं. तासाभराने नक्षी दिसायला लागते आणि ती काढायचा मोह होतो. तिथेच माझी निम्मी चित्रं बिघडली. शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रं कुठे पाहायला मिळाली तर जरूर बघा. आपल्याच गावातल्या चित्रकाराने काय काय गाळलंय ते बघत बसा.

आणि हो, ब्रश धुवायला पाणी घरून न्या. रामकुंडाच्या पाण्यात ब्रश बुडवायचा नाही आणि रंगाचं पाणी तिथे ओतायचंही नाही. लोक श्रद्धेने तिथे येतात, अस्थी सोडायला येतात. कोणी दुःखात दिसलं तर त्या बाजूला तोंड करून बसूही नये. आमच्या गटाचा सांगितलेला असा नियम हा एकच.

अधूनमधून आम्ही बुधवारच्या बाजारातही बसतो. तिथे माणसं हलत राहतात, म्हणून मी छत्र्या आणि पालं काढते. एकदा कांदे विकणाऱ्या मावशी उठून आल्या, चित्राकडे बघून म्हणाल्या, 'छत्री तं झ्याक काढली, पण मी कुठंय?' खरंच, छत्रीखाली नुसती सावली होती. मी घाईघाईने दोन फटक्यांत लाल लुगडं आणि डोकं टाकलं. मावशींनी नीट निरखलं आणि म्हणाल्या, 'जाड काढली.' त्या दिवशीच्या मांडणीत सगळ्यात जास्त बोलणं त्या दोन फटक्यांवर झालं.

गट निवडताना एक बघा. मी आधी एका ठिकाणी पैसे भरून जात होते. तिथे सर दीड तास डेमो द्यायचे, आम्ही गोल करून बघायचो, मग उरलेल्या वेळात सगळ्यांनी सरांचंच चित्र उतरवायचं. घाट समोर असून घाटाकडे पाठ. डेमो बघायला मजा येते, वाईट नाही, पण तेवढ्यासाठी पहाटे उठायची गरज नाही. 'मी समोरचं सोडून त्या टपरीचं चित्र काढलं तर चालेल का?' असं पहिल्याच दिवशी विचारून बघा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

सामान फार नको. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, अर्ध्या पानाएवढा, पाठीला पुठ्ठा आणि कडेला टेप. बारा नंबरचा एक गोल ब्रश, एक बारीक. ट्यूबा सहा-सात पुरेत. मे महिन्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरायच्या आत वाळतो, म्हणून कागद आधी ओला करून घ्या. पावसाळ्यात कागद वाळतच नाही, तेव्हा जुनं वर्तमानपत्र आणि धीर दोन्ही न्या. सध्या २०२७च्या सिंहस्थाची कामं आहेत, त्यामुळे ठरलेली जागा ऐनवेळी बदलू शकते. निघण्याआधी ग्रुप बघून निघा.

स्टूल नसेल तर पायरीवर बसता येतं, पण बसायला जाडसर सतरंजी घ्या. थंडीत सकाळी सातला तो दगड असा गार असतो की पहिली दहा मिनिटं चित्र सुचत नाही.