कायदा-सल्ला : फाईल मागा, तीही लेखी

प्रश्न : आईचं ऑपरेशन इंदूरमध्ये एका खासगी दवाखान्यात झालं. केसपेपर मागितले की ‘उद्या या’ म्हणतात. जागतिक वैद्यकीय कायदा संघटनेकडे तक्रार करू का? – एक वाचक भगिनी, स्नेहलतागंज

उत्तर : ताई, ती संघटना १९६७ साली बेल्जियममधल्या गेंटला स्थापन झाली. परिषदा भरवते, नियतकालिक काढते. तुमची फाईल कुठली काढून देतेय! साध्या कागदावर अर्ज करा, आवक-शिक्क्याची प्रत जपा. काउंटरवर कुरकुर करतीलच. मग पोहोचपावतीसह स्पीड पोस्ट. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत कागद मिळायला हवेत. पण उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं नोंदी ठेवायचं बंधन आहे, तेव्हा चालढकल नको. ग्राहक आयोगात जायचं तर कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची.