कागद खरा, पण फोनवरचा माणूस कोण?

प्रश्न : अमेरिकेत फ्रेट ब्रोकरचा (माल पाठवणारा आणि ट्रकवाला यांची गाठ घालून देणाऱ्या दलालाचा) परवाना नुकताच घेतला आहे. लोड बोर्डावर (ट्रक शोधायच्या ऑनलाइन फलकावर) माल टाकला की फोनवर फोन येतात. एफएमसीएसएच्या (ट्रक वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नोंदीत जवळपास सगळ्यांचा परवाना चालू दिसतो. मग भरवशाचा कॅरियर, म्हणजे माल वाहणारी ट्रक कंपनी, ओळखायचा कसा?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : या नावाची कंपनी आहे आणि तिला माल वाहायची परवानगी आहे, एवढंच ती नोंद सांगते. तुमच्याशी बोलणारा त्याच कंपनीचा आहे का, हे ती सांगत नाही, आणि फसवणूक शिरते ती याच फटीतून. एमसी नंबर (परवान्याचा क्रमांक) खरा, विमा खरा, नावही जुनं आणि चांगलं. ईमेल आणि फोन तेवढे भामट्याचे.

तेव्हा आलेला फोन ठेवा आणि नोंदीतल्या नंबरावर आपण फोन करा. ‘अमुक डिस्पॅचर (ट्रकांची कामं ठरवणारा) तुमचाच का, हा लोड तुम्हीच घेताय का?’ एवढं विचारलं तरी निम्मी गाळणी होते. नोंदीतला फोन किंवा पत्ता अलीकडेच बदललेला निघाला तर त्यावरही विसंबू नका. बंद पडत आलेल्या कंपन्या एमसी नंबरासकट विकल्या जातात. अशा वेळी विमा एजंटाच्या फाइलीत कोणता फोन आहे ते विचारावं. एजंटाचा नंबरही कॅरियरने पाठवलेल्या कागदावरून घेऊ नका, स्वतः शोधा. विम्याचं सर्टिफिकेट त्या एजंटाकडूनच थेट मागवा, कारण पीडीएफमधली तारीख बदलणं काही अवघड नाही.

राज्याबाहेर साधारण माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकला कायद्याने किमान ७,५०,००० डॉलरचा लायबिलिटी विमा (अपघातात दुसऱ्यांच्या नुकसानीचा) लागतो. व्यवहारात १० लाख मागितले जातात. हा विमा रद्द करायचा तर विमा कंपनीला एफएमसीएसएला ३० दिवस आधी कळवावं लागतं. त्यामुळे आज चालू दिसणाऱ्या विम्यापुढे पुढच्या आठवड्याची रद्द होण्याची तारीख लागलेली असू शकते. ती बघायची राहून जाते.

आमच्या मते सगळ्यात बोलका भाग म्हणजे रस्त्यावरच्या तपासण्यांची २४ महिन्यांची यादी. बारा ट्रक सांगणाऱ्या कंपनीची दोन वर्षांत एकही तपासणी नसेल तर ते ट्रक होते कुठे? तपासण्या कोणत्या राज्यांत झाल्या तेही बघा. सगळ्या कॅलिफोर्निया-ॲरिझोनात आणि तुमचा लोड जॉर्जियातून ओहायोला, तर खुलासा मागा. ‘आउट ऑफ सर्व्हिस’चं (तपासणीत ट्रक किंवा ड्रायव्हर जागीच थांबवल्याचं) प्रमाण राष्ट्रीय सरासरीशेजारीच दिलेलं असतं. सेफ्टी रेटिंग मात्र अनेक लहान कंपन्यांना मिळालेलंच नसतं. ते नसणं हा दोष धरू नये. ‘कंडिशनल’ (सुरक्षेत उणिवा आढळल्याचं) रेटिंग असेल तर आधी शिपरला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, विचारा.

परवाना सहा महिन्यांपेक्षा नवा असेल तर लोड द्यायचाच नाही, असा नियम बरेच ब्रोकर पाळतात. सरसकट पाळला तर वर्षानुवर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवून आता स्वतःचा परवाना काढणारा चांगला ड्रायव्हर हातचा जातो. त्याला आधी जवळचा, कमी किमतीचा माल देऊन बघा. उलट, दराची जराही घासाघीस न करता लगेच ‘हो’ म्हणणाऱ्याला दोनदा तपासा. खऱ्या ट्रकवाल्याला पैसे द्यायचेच नसतील तर दराचं काय!

ड्रायव्हरचं नाव, फोन, ट्रॅक्टर (ओढणारा पुढचा ट्रक) आणि ट्रेलरचे नंबर हातात आल्याशिवाय पिकअप नंबर (माल उचलायला लागणारा क्रमांक) सोडू नका. ट्रकच्या दारावरचं नाव आणि डीओटी नंबर (कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक) रेट कन्फर्मेशनशी (लोडचा दर आणि अटींच्या लेखी कराराशी) जुळतात का, हे शिपरच्या डॉकवर बघायला सांगा, नंबर प्लेटचा फोटोही घ्यायला सांगा. ‘मी त्यांच्याकडे लीजवर आहे’ ही सबब चालत नाही, कारण ज्याच्या परवान्यावर ट्रक चालतो त्याचंच नाव दारावर लागतं. ट्रक थोड्या दिवसांसाठी भाड्याचा असेल तर भाडेकरार दाखवू देत. नाव जुळलं नाही तर माल चढवायचा नाही. कारण हा बहुधा डबल ब्रोकरिंगचा (घेतलेला लोड परस्पर दुसऱ्याला देण्याचा) मामला असतो: मधला माणूस तुमचे पैसे घेऊन गायब होतो, खरा ट्रकवाला भाड्यासाठी तुमच्या शिपरकडे जातो, आणि मालाचं नुकसान झालं तर ज्याचा विमा तुम्ही तपासला त्याने तो माल उचललेलाच नसतो. २०१२च्या कायद्याने विनापरवाना ब्रोकरीला प्रत्येक उल्लंघनामागे १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे; पण तो वसूल होऊन तुमची भरपाई होईल या आशेवर धंदा करता येत नाही.

प्रश्न : चांगले कॅरियर सापडतात, पण आमचा लोड घेत नाहीत. ‘फॅक्टरिंगवाले नको म्हणतात’ असं सांगतात.
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : कॅरियर आणि फॅक्टरिंगवाले (कॅरियरचं बिल विकत घेऊन त्याला लगेच पैसे देणाऱ्या कंपन्या) तुम्हालाही तपासतात. ७५,००० डॉलरचा बाँड (पैसे थकवले तर भरपाईची हमी) सगळ्याच ब्रोकरांचा असतो. त्यांना बघायचं असतं की तुम्ही किती दिवसांत पैसे देता. सुरुवातीला लवकर पैसे द्यायची तयारी ठेवा. कॅरियरने बिल फॅक्टरिंग कंपनीला विकल्याची नोटीस आली असेल तर पैसे तिलाच द्या; चुकून कॅरियरला दिलेत तर दुसऱ्यांदा भरावे लागतील.

दोन-तीनच लेन (ठरलेले मार्ग) धरा. पाच ते वीस ट्रकांच्या कंपन्यांना विचारा, ‘तुमचा ट्रक कुठून रिकामा परततो?’ त्या परतीच्या वाटेवर दर आठवड्याला माल देऊ शकलात तर बोर्डावर जायची गरज कमी होते. वजन, पॅलेट, डॉकची वेळ खरी सांगा. एका ड्रायव्हरला १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत ११ तासच चालवता येतं. ताशी ५० मैल धरले तर ५५० मैल. आज दुपारी भरलेला माल ८०० मैलांवर उद्या सकाळी मागणारा ब्रोकर लक्षात राहतो, आणि चांगल्या अर्थाने नव्हे. डॉकवर दोन तासांपुढे थांबावं लागलं तर डिटेन्शन (थांबण्याचा मोबदला) कोण देणार, हे शिपरकडून आधी लेखी घ्या.

प्रश्न : रीफरसाठी (थंड माल नेणाऱ्या ट्रेलरसाठी) एक लाख डॉलरचा कार्गो विमा (मालाचा विमा) पुरेसा आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : रकमेआधी अपवाद वाचा. थंड करणारं यंत्र बंद पडल्याने खराब झालेला माल बऱ्याच पॉलिसींत धरलेला नसतो. ‘रीफर ब्रेकडाउन’ वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही यंत्राच्या देखभालीच्या नोंदी असतील तरच कामी येतं. पॉलिसीत ट्रकची यादी असेल तर तुमचा ट्रक तिच्यात आहे का ते बघा. रेट कन्फर्मेशनवर तापमानाचा आकडा लिहा आणि यंत्र सतत चालवायचं की थांबून-थांबून, हेही लिहा. ट्रेलर आधी थंड करून आणायला सांगा आणि चढवताना मालाच्या आतलं तापमान मोजून बिल ऑफ लेडिंगवर (माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर) टिपायला लावा. गरम चढवलेला माल रीफर थंड करत नाही, तो फक्त आहे ते तापमान टिकवतो.