कर्जाच्या अटी वाचताना आधी शेवटचे तक्ते उघडा

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाचा गरिबांवर काय परिणाम होतो हे समजून घ्यायचं असेल, तर बातम्यांपेक्षा मूळ कागद वाचा. कर्ज घेणारं सरकार नाणेनिधीला इरादापत्र देतं, त्याला धोरणांचं निवेदन जोडलेलं असतं. त्यातले अटींचे तक्ते आधी बघा.

सगळ्या अटी सारख्या वजनाच्या नसतात. परकीय गंगाजळीची किमान पातळी राखता आली नाही, तर सूट मिळाल्याशिवाय पुढचा हप्ता अडतो. सामाजिक खर्चाची किमान रक्कम मात्र बहुधा नुसतं ‘सूचक उद्दिष्ट’ असते. ती हुकली तरी हप्ता आपोआप थांबत नाही. पैसे कमी पडले की कात्री कुठे लागणार, ते इथेच कळतं. शिवाय ही रक्कम सहसा चालू किमतीत ठरते, म्हणून महागाई वजा करून बघाच. महागाई 30 टक्के आणि खर्चातली वाढ 15 टक्के, म्हणजे ती कपातच.

मग कर. श्रीलंकेत मे 2022 पर्यंत 8 टक्के असलेला मूल्यवर्धित कर जानेवारी 2024 मध्ये 18 टक्के झाला. त्यातली 15 टक्क्यांपर्यंतची वाढ मार्च 2023 मध्ये कर्ज मंजूर होण्याआधीचीच. तेव्हा पूर्वअटी, म्हणजे कर्ज मंजूर होण्याआधीच पूर्ण करायच्या अटी, वगळू नका. गरिबाची जवळपास सगळी कमाई खरेदीत जाते, त्यामुळे असा कर त्यालाच जास्त बोचतो.

नवखे एक चूक हमखास करतात: नंतर वाढलेली सगळी गरिबी अटींच्या माथी मारतात. देश नाणेनिधीकडे जातो तोच संकटात सापडल्यावर. आधीच्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवूनच हिशेब मांडा.