आजीच्या जुन्या गुलाबाचं तेच झाड माझ्याकडे कसं येईल? बीपासून की फांदीपासून?

फांदीपासूनच. गुलाबाच्या बीतून येतं ते नवं झाड, फूल वेगळं निघू शकतं. फांदीतून तेच झाड पुढे चालतं, आजीच्या हातचंच म्हणा ना. लसूण आणि केळी तर माणसांनी अशाच बीविना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. खायच्या केळीत बी धरत नाही, लसणात सहसा नाही.

नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. लांबी १५-२० सेंमी, त्यावर ४-५ डोळे, म्हणजे पानाच्या बेचक्यातले कोंब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा ओलसर मिश्रणात दोन-तीन डोळे गाडा आणि तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली वरून झाका. उजेड हवा, थेट ऊन नको. एकावर भरवसा ठेवू नका, पाच-सहा लावा.

खरी फसगत पुढे होते. दोन-तीन आठवड्यांत कोवळी पालवी फुटते, पण ती फांदीत साठलेल्या अन्नावर. मुळं धरायला ४ ते ८ आठवडे लागतात. तोवर उपटून पाहिलं की संपलं. फांदी बुडापासून काळी पडत गेली तर पाणी जास्त झालंय.

आणि झाड डोळा भरलेलं, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर कलम केलेलं असेल तर फांदी जोडाच्या वरचीच घ्या. खालून फुटलेला जोमदार फुटवा खुंटाचा, म्हणजे जंगली गुलाबाचा असतो.