आधी बक्षीसपत्राचा मसुदा बाजूला ठेवा

कराडजवळच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी, अक्षर सुरेख. कामाचा भाग एवढा:

"माझं वय 61, पेन्शन 41 हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत 15 लाख आहेत, अडीच वर्षं झाली. बँकेतल्या साहेबांच्या आग्रहावरून वर्षाला 3 लाखांची एक विमा योजना घेतली, दोन हप्ते भरले, तिसऱ्याचे पैसे बचत खात्यात तयार आहेत. मुलगा 34 वर्षांचा, आठ वर्षांपासून दारू. पाच महिन्यांपूर्वी नोकरी गेली. लोणावळ्याच्या बाजूला एक निवासी केंद्र आहे, तीन महिन्यांचे साडेचार लाख सांगतात, मेडिक्लेममधून परत मिळतील असंही म्हणतात. त्यासाठी पोस्टातलं खातं मोडू, की सूनबाईंच्या 12 तोळ्यांवर कर्ज काढू? ता. क. मुलाची कार्डाची आणि मोबाईल ॲपची मिळून सहा लाखांची देणी मी भरून टाकली आहेत. तो बरा होऊन आला की उमेद यावी म्हणून राहता फ्लॅट बक्षीसपत्राने त्याच्या नावे करणार आहे. त्यावर 20 लाखांचं कर्ज काढून तो स्पेअर पार्टचं दुकान टाकेल. वकिलांनी मसुदा दिला आहे."

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे: पोस्टाचं खातं मोडू नका आणि सोन्याला हात लावू नका. आता ता. क. मध्ये जे लिहिलंय त्याबद्दल बोलू. चार पानांत सगळ्यात महाग मजकूर तोच आहे.

बक्षीसपत्र करायला फार सोपं असतं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर काही ठिकाणी स्थानिक अधिभार. सकाळी निबंधक कार्यालयात गेलात तर दुपारच्या जेवणाला घरी याल, फक्त ते घर तेव्हा तुमचं नसेल. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एकदा दिलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली नाही तर परत मागता येते. पण त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो. तुम्ही तो कराल? तुमच्या पत्रात मुलाबद्दल एक कडक शब्द नाही. तुम्ही नाही करणार. शिवाय तोवर फ्लॅट बँकेकडे तारण पडलेला असेल.

त्या 20 लाखांचा हिशेब करू. साडेअकरा टक्के, दहा वर्षं: हप्ता सुमारे 28 हजार. दुकानाचा जम बसायला वर्ष तरी जाणार, तोवर हप्ता कोण भरणार? तुमची पेन्शन. 41 मधून 28 गेले की उरतात 13 हजार, आणि त्यात पाच माणसं. हे सगळं कुणाच्या भरवशावर, तर जो माणूस अजून केंद्राच्या दारातही गेलेला नाही त्याच्या.

"बरा होऊन आला की" या तुमच्या शब्दांशी माझं भांडण आहे. व्यसन हा मधुमेहासारखा, उलटू शकणारा आजार आहे. अमेरिकेतली व्यसनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते की उपचार घेतलेल्या शंभरातल्या चाळीस ते साठ जणांचं व्यसन पुन्हा सुरू होतं. केंद्रातली मंडळी त्याला 'स्लिप' म्हणतात आणि पुन्हा उपचाराला बसवतात, म्हणजे स्लिप झाली तरी सगळं संपलं असं नसतं. पण केंद्रातून बाहेर पडल्यावरचं पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक, आणि नेमक्या त्याच वर्षी तुम्ही त्याच्या हातात 20 लाख, दुकानाचा गल्ला आणि व्यापाऱ्यांची उधारी देणार. माझे एक चुलते असेच सुटून आले आणि घरच्यांनी आनंदाने रसवंती काढून दिली. रोज संध्याकाळी रोख मोजायची. पुढचं तुम्हीच ओळखा.

दुसरी गोष्ट ती सहा लाखांची. बाप म्हणून तुम्ही काय केलंत ते कळतं. पण पत्रात तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात: देणी फेडली त्याच आठवड्यात त्याच्या शर्टाच्या खिशात सोनाराकडे गहाण ठेवल्याची नवी पावती सापडली. ती ओळ पुन्हा वाचा. सहा लाख पोस्टात असते तर 8.2 टक्क्यांनी महिन्याला चार हजार आले असते. तेवढं तर गेलंच. पण पैसा संपल्यावर दारूची जी किंमत त्याला कळायला हवी होती, ती तुम्ही भरून टाकलीत. यापुढे त्याचं एकही देणं फेडायचं नाही. ॲपवाले तुम्हाला फोन करतील, धमकावतील. तुम्ही जामीन नसाल तर ते कर्ज तुमचं नाही. जामीन आहात का, याचं उत्तर तुमच्या स्वतःच्या सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत, मिळेल. तो आजच काढा. बचत खात्यावर मुलाचं दुसरं नाव असेल तर तेही काढा.

आता केंद्र. तुम्ही पाठवलेल्या रंगीत पत्रकात पोहण्याचा तलाव आहे, घोडेस्वारी आहे, "शंभर टक्के व्यसनमुक्तीची हमी" आहे. आणि आठ हजार जादा दिले तर "गाडी पाठवून रुग्णास घेऊन येऊ" असंही छापलंय. सर, शंभर टक्क्यांची हमी देणारा माणूस फसव्या गुंतवणूक योजनेत असो की व्यसनमुक्तीत, मी त्याच्या दारात उभा राहत नाही. त्यांना फोन करून विचारा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी क्रमांक काय? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री डॉक्टर असतो का? हा प्रश्न जिवाचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतात, प्रसंगी माणूस जातो. म्हणून घरात कोंडून प्रयोग करू नका, आणि घोड्यांवर खर्च करून नर्स न ठेवणाऱ्यांकडेही नेऊ नका.

मेडिक्लेमचं जे सांगितलं ते विसरा. आपल्याकडच्या पॉलिसींत प्रमाणित अपवादांची यादी असते. त्यात बारावा अपवाद दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरच्या उपचाराचा "आणि त्याच्या परिणामांचा". उद्या यकृताचं दुखणं निघालं तरी कंपनी तोच आकडा दाखवू शकते. 2017 च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन वाद घालता येईल, पण वादाच्या भरवशावर साडेचार लाख भरायचे नसतात.

साडेचार लाख लागतातच असंही नाही. तुमच्या जिल्ह्यातच, साताऱ्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी, पुलं-सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर 1986 मध्ये सुरू केलेलं 'मुक्तांगण' आहे. तिथला निवासी कार्यक्रम पाच आठवड्यांचा, आणि रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. अशा संस्थांचा खर्च लोणावळ्याच्या जवळपासही जात नाही. केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन जवळचं अनुदानित केंद्र सांगते. सुटून आल्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभा आहेत, त्यांना फी नसते. महागडं केंद्र कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. सोबत दुसरा मानसिक आजार असेल तर डॉक्टर जे सांगतील ते करा. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, पत्रकाने नव्हे.

तर पैसे कुठून? पोस्टाच्या खात्यातून थोडे काढता येत नाहीत, सगळं बंद करावं लागतं. एक टक्का म्हणजे 15 हजार कापले जातील आणि महिन्याला सरासरी सव्वादहा हजारांप्रमाणे दर तिमाहीला येणारं व्याज थांबेल. उरलेल्यातून नवं खातं निघेल, पण कमी रकमेचं. सूनबाईंचं सोनं हे तिचं स्त्रीधन आहे. ते तारण ठेवावं का, हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, तिला विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. लहान मुलगी पदरी असलेल्या त्या बाईकडे उद्यासाठी तेवढंच आहे. ते तिच्या नावच्या लॉकरमध्ये जाऊ द्या.

पैसे त्या तिसऱ्या हप्त्यात आहेत. बँकेतल्या साहेबांनी विकलेली ती योजना मी कागदावर मांडली: वर्षाला 3 असे पाच वर्षांत 15 लाख भरायचे आणि तुमच्या पंचाहत्तरीला 28 लाख घ्यायचे. "जवळजवळ दुप्पट!" पडतात पाच टक्के, तेही जेमतेम. शेजारच्या पोस्टात 8.2 मिळत असताना निवृत्त मास्तरांना पंधरा वर्षांची पॉलिसी विकायला काळीज लागतं. आणखी 9 लाख त्यात घालू नका. भरलेल्या सहा लाखांवर पॉलिसी 'पेडअप' केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर शेवटी काय मिळेल आणि आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर काय, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी घ्या आणि मला पाठवा, त्यावरून ठरवू.

खात्यातले ते 3 लाख उपचारासाठी वेगळे ठेवा, तुमच्या आणि तुमच्या पत्नीच्या नावे, छोट्या छोट्या मुदत ठेवींत. यात पहिला मुक्काम, वर्षभराची औषधं आणि फॉलो-अपची एसटी, आणि लागलाच तर दुसरा मुक्काम बसतो. दुसऱ्याची तरतूद आधीच केली म्हणजे स्लिप झाली तर घर हादरत नाही. फी थेट केंद्राच्या खात्यात भरा, मुलाच्या हातात नाही. त्याचा पीएफ आहे तिथे राहू दे.

फ्लॅटचं मृत्युपत्र करा: आधी पत्नीला, त्यांच्यानंतर नातीला, आणि ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने व्यवस्था कोण बघणार त्याचं नाव लिहून. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं. मुलगा दोन वर्षं सलग कोरडा राहिला, नोकरीवर टिकला, तर बदला, मी साक्षीदार म्हणून सही करायला कराडला येईन. दुकानाचं तेव्हा बघू. आधी त्याला दुसऱ्याच्या दुकानात पगारावर उभं राहू दे.

हप्त्याची तारीख 12 जानेवारी आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, असं तुम्ही लिहिलंय. 5 तारखेच्या आत बँकेत जाऊन तो आदेश रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. साहेब चहा मागवतील. चहा घ्या, सही मात्र दुसऱ्या कुठल्याही कागदावर करू नका.