वर्षाचे पैसे आगाऊ भरण्याआधी दिवस मोजा

प्रश्न : मी ३४ वर्षांची, बंगळुरूच्या एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट. काम कायमस्वरूपी घरून. कोथरूडला स्वतःचा टू बीएचके आहे. घरी नवरा, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलगा साडेबाराला शाळेतून येतो, त्यानंतर कॉल घेणं जमत नाही. बाणेरच्या एका को-वर्किंगमध्ये (भाड्याने मिळणाऱ्या सामायिक ऑफिसात) हॉट डेस्क (जे रिकामं असेल ते टेबल) महिना ७,५०० अधिक जीएसटी आणि डे पास ४५० अधिक जीएसटी आहे. महिनाअखेरपर्यंत वर्षाचे पैसे एकरकमी भरले तर दहा महिन्यांच्या पैशात बारा महिने मिळतात. सेंटर रात्री आठला बंद होतं. मंगळवारी आणि गुरुवारी साडेसात ते नऊ मला अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल असतो. दोघांचे मिळून हातात १,७७,००० येतात, त्यातला माझा पगार १,०५,०००. घराचा हप्ता ४६,०००, घरखर्च ६४,०००, शाळेची फी आणि विम्यासाठी बाजूला २२,०००, एसआयपी ३०,०००. अडीअडचणीसाठी २,६०,००० ची एफडी आहे. ती मोडून वर्षाचे पैसे भरू, की एसआयपी कमी करून महिन्याला भरू? दीर म्हणतात, हा खर्च टॅक्समध्ये दाखवता येतो.

उत्तर : जागा घ्या. वर्षाचे पैसे मात्र भरू नका, एफडी मोडू नका आणि एसआयपीलाही हात लावू नका. तुम्हाला परवडेल असा तिसरा मार्ग तुमच्याच पत्रात आहे. तो म्हणजे डे पास.

शांत जागेची गरज मी चैनीत धरत नाही. तुमच्या पगारावर घराचा हप्ता उभा आहे आणि तो पगार कॉलवर नीट बोलता येण्यावर अवलंबून आहे. म्हणून खर्च करावा की नाही हा मुद्दा मी सोडून देतो. किती दिवसांसाठी करावा, ते आधी बघू.

वर्षात शनिवार-रविवार सोडून साधारण २६१ दिवस उरतात. दहा सुट्ट्या, वीस रजा, आणि मूल आजारी, बाई आली नाही, पाऊस कोसळतोय असे पंधरा दिवस वजा करा. राहिले २१६. म्हणजे रोज जायचं ठरवलं तरी महिन्याला १८ दिवसच होतात. आठवड्यातून चार दिवस गेलात तर वर्षाचे १७३, तीन दिवस गेलात तर १३०.

आता भाव. महिन्याचे ७,५०० म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ८,८५०. डे पास ५३१. महिन्यात १६ दिवसांपर्यंत डे पास स्वस्त पडतो (१६ दिवसांचे ८,४९६), सतराव्या दिवसापासून महिन्याचा पास. वार्षिक योजनेत ७५,००० वर १३,५०० जीएसटी, एकूण ८८,५००. यात तुमचे १७,७०० वाचतात हे खरं आहे, पण दर महिन्याला ८,८५० भरत बसण्याच्या तुलनेत. डे पासशी ताडून बघा. ८८,५०० भागिले ५३१ म्हणजे १६७ दिवस. वर्षभर, कुठलाही आठवडा न चुकवता चार-चार दिवस गेलात तरच ही योजना जेमतेम फिटते. तीन दिवस गेलात तर डे पासचे होतात ६९,०३०. म्हणजे ‘दोन महिने मोफत’ घेऊन तुम्ही १९,००० पेक्षा जास्त रक्कम उलट जादा मोजाल.

तुम्ही किती दिवस जाल याचा अंदाज तुमच्याच कॅलेंडरमधून येईल. मागच्या चार आठवड्यांचं कॅलेंडर उघडा आणि साडेबारानंतर अर्ध्या तासापेक्षा मोठे, तुम्हाला स्वतः बोलावं लागलं असे कॉल कुठल्या दिवशी होते त्यावर खूण करा. नुसतं ऐकायचं होतं ते कॉल सोडून द्या. तुमच्यासारख्या कामात खुणा आठवड्याला दोन-तीन दिवसांवरच पडतात असा माझा अनुभव आहे. चार-पाच दिवस निघाले तर मला पुन्हा लिहा, गणित बदलेल.

डेस्कच्या भाड्यावर खर्च थांबत नाही. कोथरूडहून बाणेर जाऊन-येऊन दुचाकीवर सतरा-अठरा किलोमीटर होतात. पेट्रोल आणि गाडीची झीज धरून ६० रुपये, चहा-खाणं १०० रुपये, म्हणजे दिवसाला १६० वरखर्च धरा. डबा नेलात तर शंभरातले बरेच वाचतील. महिन्याला ११ दिवस गेलात तर पासचे ५,८४१ आणि वरखर्चाचे १,७६०, मिळून ७,६००. तुमच्या आकड्यांवरून महिन्याला १५,००० शिल्लक राहायला हवेत. त्यातून हे सहज निघतात आणि ७,४०० उरतात.

हे उरलेले ७,४०० कुठे जायला हवेत, ते सांगतो. हप्ता, घरखर्च, फी आणि विमा मिळून तुमच्या घराला महिन्याला १,३२,००० लागतात. २,६०,००० ची एफडी म्हणजे दोन महिने पुरेल एवढीसुद्धा नाही. त्यातून ८८,५०० काढले की १,७१,५०० राहतात, म्हणजे सव्वा महिन्याची सोय. घरून काम करणाऱ्याच्या नोकरीला एक जास्तीचा धोका असतो. कंपनीचं धोरण बदलतं आणि ‘पुढच्या तिमाहीपासून ऑफिसला या’ असा मेल येतो. अशा वेळी नोकरीही डळमळीत, एफडीही मोडलेली आणि बाणेरच्या डेस्कचे सात महिने वाया, हे तिन्ही एकदम होईल. डेस्कमधली तुमची गुंतवणूक एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे. राखीव रक्कम निदान पाच महिन्यांच्या खर्चाइतकी होईपर्यंत ७,४०० ची आवर्ती ठेव चालू करा आणि बोनस आला की त्यातच घाला.

एसआयपीचंही तसंच. महिन्याला ३,००० कमी केले आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर दहा वर्षांनी साधारण ६.१ लाखांचा फरक पडतो. परतावा कमी मिळाला तर फरक कमी. पण शिल्लक असताना ते थांबवण्याचं कारणच दिसत नाही.

दिरांचा सल्ला तुम्हाला लागू होत नाही. पगारदाराला को-वर्किंगचं भाडं उत्पन्नातून वजा करता येत नाही, जुन्या करप्रणालीत नाही आणि नव्यातही नाही. दीर स्वतः व्यावसायिक असतील तर त्यांनीही एक तपासून घ्यावं. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (सगळे अजून कलम ४४एडीए म्हणूनच ओळखतात ती) ५० टक्के जमा हा नफा धरला जातो आणि सगळे खर्च उरलेल्या ५० टक्क्यांत आले असं मानलं जातं. त्यामुळे तिथंही भाड्याची वेगळी वजावट मिळत नाही.

तुमच्यासाठी कर वाचवण्याचा रस्ता कंपनीच्या एचआरकडून जातो. ‘भत्ता द्या’ असं मागू नका. भत्ता पगारात मिसळतो. तुम्ही १५ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १५.६ टक्के कर जाऊन ५,००० चे ४,२२० हातात पडतील. त्याऐवजी कामाच्या जागेचं बिल कंपनीच्या नावावर काढून प्रत्यक्ष खर्चाची भरपाई मागा. ती तुमचं उत्पन्न ठरत नाही आणि पाचच्या पाच हजार मिळतात. कंपनीचा अकाउंटंट एक शंका काढेल, तिची तयारी ठेवा. जागा पुण्यात असल्याने जीएसटी बहुधा महाराष्ट्राचा लागेल. कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल तर त्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तो स्वतःच्या जीएसटीतून वजा करण्याची सोय, तिला मिळणार नाही. त्यामुळे मागणी करसहित रकमेची करा, नाहीतर १८ टक्के तुमच्या गळ्यात येतील.

संध्याकाळच्या दोन कॉलचं काय? सेंटर आठला बंद होतं, म्हणजे वर्षाचे ८८,५०० भरूनही ते कॉल घरूनच घ्यावे लागणार. म्हणून घरातला एक कोपरा सुधारणं टळत नाही. बेडरूममध्ये भिंतीला घडीचं टेबल, बरी खुर्ची, तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट आणि राउटरसाठी छोटा यूपीएस, सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास जाईल. हॉलमधल्या टीव्हीचा आवाज बराचसा दाराखालच्या फटीतून येतो. तिथं दोन-तीनशे रुपयांची रबरी पट्टी लावा आणि मग फरक ऐका. राउटरचा यूपीएस घेण्याआधी एक बघा: वीज गेल्यावर बिल्डिंगमधल्या केबलवाल्याच्या बॉक्सला बॅकअप आहे का? नसेल तर तुमचा राउटर चालू राहील आणि नेट बंद पडेल. मग यूपीएसपेक्षा मोबाइलचा जास्तीचा डेटा पॅक कामाचा. हे वीस हजार एकदम काढू नका, शिलकेतून दोन-तीन महिन्यांत करा. तेवढे महिने आवर्ती ठेव उशिरा सुरू झाली तरी चालेल.

नुसती शांतता हवी असेल, कॉल नसेल, अशा दिवसांसाठी पुण्यात आणखी एक सोय आहे: अभ्यासिका. सदाशिव पेठ, नवी पेठ आणि कोथरूडमध्येही स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी त्या चालतात. महिन्याला साधारण हजार-दीड हजारात स्वतःचं टेबल, दिवा आणि प्लग मिळतो. तिथं बोलायला सक्त मनाई असते, फोन आला की बाहेर जिन्यात. नोकरदारांना घेतात का ते विचारा. रिपोर्ट लिहिण्याच्या दिवशी ५३१ देऊन बाणेरला जाण्यापेक्षा हे बरं.

पहिला डे पास मंगळवारी किंवा बुधवारी घ्या, कारण तेव्हाच गर्दी जास्त असते. सोमवारी किंवा शुक्रवारी बघितलेली जागा फसवते. साडेदहानंतर पोहोचा आणि खुर्ची मिळते का बघा, कारण हॉट डेस्कवाल्यांना ठरलेली जागा नसते. त्याहून महत्त्वाचे फोन बूथ, म्हणजे कॉलसाठीच्या बंद छोट्या खोल्या. तुम्ही पैसे मोजताय ते कॉलसाठी, आणि मोकळ्या हॉलमध्ये शेजारी दोघं बोलत असताना घरापेक्षा वेगळं काही होणार नाही. बूथ किती, खुर्च्या किती, ते मोजा. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान रिकामा मिळतो का ते पाहा. मिळाला की दार लावून चाळीस मिनिटांचा खरा कॉल आत करा. कित्येक बूथमधला छोटा पंखा बंद असतो आणि विसाव्या मिनिटाला घाम फुटतो. नेटची अपलोड गती त्याच वेळी तपासा, व्हिडिओ कॉल अडकतो तो बहुतेक अपलोडमुळे. कंपनीचा व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तिथल्या वायफायवर जोडला जातो का हेही त्याच दिवशी कळेल. सामायिक जागेत काम करायला कंपनीची परवानगी आहे का, ते आयटी विभागाकडून मेलवर लिहून घ्या. ग्राहकांचा डेटा तुमच्या स्क्रीनवर असतो.

पुढे कधी महिन्याच्या पासवर गेलात तर करारातली नोटिशीची ओळ सावकाश वाचा. ‘३० दिवसांची नोटीस’ लिहिलेलं असतं, पण अनेक करारांत ती पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून मोजतात. ३ तारखेला कळवलंत तर तो महिना आणि पुढचा पूर्ण महिना, दोन्हीचं भाडं द्यावं लागतं. म्हणून नोटीस २५ तारखेच्या आसपास, मेलनेच. डिपॉझिट एका महिन्याचं असेल तर ठीक, दोन महिन्यांचं मागितलं तर घासाघीस करा आणि किती दिवसांत परत मिळेल ते लिहून घ्या. ही रक्कम बिनव्याजी आणि विनातारण असते. को-वर्किंग चालवणारा स्वतःच बहुधा भाडेकरू असतो. मूळ मालकाशी त्याचं बिनसलं तर सेंटर बंद होतं आणि तुम्हाला ‘आमच्या खराडीच्या शाखेत या’ असं सांगितलं जातं. तशी मुभा देणारं कलम करारात असतं. कोथरूडहून रोज खराडी तुम्हाला जमणार नाही. अमेरिकेतल्या वीवर्क या मोठ्या को-वर्किंग कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. भारतातली कंपनी वेगळी असल्याने तिच्यावर ती वेळ आली नाही. पण मोठं नाव बघून वर्षभराचे पैसे आधी देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

घरात आणखी एक खोली हवी म्हणून थ्री बीएचकेचा विचार तूर्त करू नका. २५ लाखांचं जास्तीचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २१,७०० नी वाढतो, मुद्रांक शुल्क वेगळं. त्यापुढे महिन्याचे ७,६०० फार सोपे आहेत.

सेंटरवाल्याला आत्ताच कळवा की वार्षिक नको, दहा डे पासचा गठ्ठा कितीला द्याल. महिनाअखेर जवळ आल्यावर ते भाव खाली आणतात, जीएसटी सोडून पासमागे ४०० पर्यंत यायला हरकत नाही. पासला मुदत असेल तर ती दोन महिन्यांची करून घ्या. प्रत्येक भेटीची तारीख फोनमध्ये नोंदवत जा. सलग तीन महिने १७ किंवा जास्त दिवस भरले, तर चौथ्या महिन्यापासून महिन्याचा पास घ्या. भाव ४०० झाला असेल तर हा आकडा १७ वरून १९ धरा.